चौथा पेला

हेक्टर गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर लाकडी बाकं,
खाली सेनेका तळं.
अक्काला तो आधी कृष्णेचा पूर वाटला.
मग म्हणाली, नाही, पुराचं पाणी असं गप्प नसतं.

निनाद गाडीतच. त्याची मीटिंग संपेना.
आम्ही दोघी जावा, तासगावच्या,
गुडघ्यांवर शाली घेऊन बसलो
सप्टेंबर सरत आलेल्या उन्हात,
आणि लोर्ना नावाच्या बाईनं
पुढ्यात सहा सहा पेले मांडले, एकेकात घोटभर.
मध्ये एक स्टीलचं भांडं.
चाखा, तोंडात फिरवा, ह्यात थुंका.
मी मराठीत सांगितलं.
अक्का भांड्याकडे बघत राहिली.
“पिकदाणी? द्राक्षाच्या रसाला?
मी नाही हं थुंकायची.”

पहिल्याला हिरव्या सफरचंदाचा वास.
दुसऱ्याला, लोर्ना म्हणाली, ओल्या पाटीचा.
हे अक्काला पटलं.
“पाटी आम्ही थुंकीनंच पुसायचो.
आयुष्यात थुंकले तेवढं पुरे.”
तिसऱ्यात मध होता म्हणे.
मला नुसतं आंबट लागलं, मी मान डोलावली.

चौथा जुना. बारा वर्षं बाटलीत.
लोर्ना आवाज खाली आणून सांगू लागली
एका वासाबद्दल, जो मुरलेल्या रीसलिंगलाच येतो,
जाणकार त्याचे जादा पैसे मोजतात,
आणि मी ते मराठीत आणायच्या आत
अक्कानं पेल्यात नाक घातलं.
“रॉकेल!”

इतक्या मोठ्यांदा, की पलीकडच्या बाकावरच्या
होणाऱ्या नवरीच्या मैत्रिणी,
गळ्यांत गुलाबी पट्टे, सगळ्या वळल्या.
“रॉकेलच गं. रेशनच्या डब्याचं बूच काढल्यावर यायचा तो.
ह्याचे पैसे घेतात?”
लोर्नाला सांगितलं. तिनं टाळी वाजवली.
अठरा वर्षांत इतक्या झटकन
कुणी ओळखलं नव्हतं म्हणाली.

मग लोण्यात निथळणारे खारे बटाटे आले,
मग जांभळ्या द्राक्षांचा गरम पाय.
“पाय? कुणाचा?” अक्का म्हणाली,
पण हसली नाही. वेलींकडे बघत होती.
“विचार त्यांना, काडीला डोळे किती ठेवतात.”

लोर्नाचा नवरा क्रेट खाली ठेवून आला,
ड्वाइट, बोटं मनगटापर्यंत जांभळी.
दहा-बारा, म्हणाला.
आणि बर्फ पडायच्या आधी
कलमाचा सांधा मातीत गाडतो, नाहीतर वेल जातो.
“गाडतात? आणि जगतो?”
एप्रिलमध्ये उकरतो, म्हणाला. बहुतेक जगतात.

पाचवा, सहावा अक्कानं बाजूला सारले.
चौथाच पुन्हा मागितला.
हातात धरून बसली, पिईना.
“चाळीस वर्षं,” म्हणाली,
“मला नुसता वास ठाऊक होता.
कडी वाजायच्या आधी यायचा.
उशीला यायचा. पोरांच्या वह्यांना.
चव कशी असते, विचारायचं कधी सुचलंच नाही.”

भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली.
घरात त्यांचं नाव अजून आम्ही हळूच घेतो.
मी तिच्याकडे बघितलं नाही.
तळ्यात एक होडी होती, शिडात वारा नसलेली,
तिच्याकडे बघितलं.

तिनं घोट घेतला.
तोंडात फिरवला, लोर्नानं दाखवला तसा,
या गालातून त्या गालात, सावकाश.
आम्ही थांबलो. मी, लोर्ना, क्रेटजवळ ड्वाइट.
मग अक्कानं स्टीलचं भांडं जवळ ओढलं
आणि थुंकली. नेम धरून, एका दमात.

पदरानं ओठ टिपले.
“सरकव इकडे,” म्हणाली, “तो पाय का काय तो.
गार होतोय.”