तीन टाके

माझं काम जमिनीवर.
ठाणगावच्या पुढे घाट संपतो तिथली पत्र्याची शेड,
खुंट्यांना टांगलेले अकरा हार्नेस,
आतून माणूस काढून घेतल्यासारखे.
रोज सकाळी मी एकेका पट्ट्यावरून अंगठा फिरवते.

डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं.
हे कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नाही शिकले.
येवल्याला, बाबांच्या मागावर:
एक धागा तुटला की फणी थांबायची.
"तशीच पुढे गेलीस तर मोर लंगडा होईल."
लंगड्या मोराची पैठणी परत येते.
इथे काय परत येईल
ते बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

आज एकनाथ पथवेचा पट्टा.
डाव्या मांडीजवळ, बकलाच्या आतल्या अंगाला,
ऑइलच्या डागाखाली तीन टाके उसवलेले.
म्हणाला, ताई, तीनच तर आहेत.
म्हणाला, माझा आजा पट्टा किल्ल्याच्या कड्यावरून मध काढायचा,
वेलीच्या दोरावर, एका हातात धुराचा पेंढा,
कधी पडला नाही.
"आणि आज्याचा भाऊ?"
एकनाथने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

मी कात्री काढली.
बाद झालेला पट्टा कापूनच टाकायचा,
नाहीतर तो कुणाच्या मोटारसायकलला, कुणाच्या गोऱ्ह्याला,
आणि एखाद्या घाईच्या दिवशी
पुन्हा माणसाला बांधला जातो.
जाड विण. कात्री दोनदा अडली.
मागावरचं कापड कापताना बाबा डोळे मिटायचे.
मी उघडे ठेवले.

नवा हार्नेस घेतला त्याने, चडफडत सही केली.
वारा नऊ.
बारा झाला की कुणी वर जायचं नाही,
मग नाशिकच्या ऑफिसातून कितीही फोन येवोत,
बंद मशीनमुळे आकडे पडताहेत म्हणून.
पडू देत. आकड्यांना हाडं नसतात.

टॉवरच्या दारातून एकनाथ आत गेला,
मागोमाग पूनम ढोन्नर, नोकरीला सहा महिने झालेली.
बाहेरून काही दिसत नाही.
ढगात डोकं खुपसलेली पांढरी नळी,
पलीकडे औंढ्याचा सुळका,
आणि माझ्या हातात वॉकीटॉकी:
शिडीवर स्लायडरची करकर, धाप,
पहिला टप्पा. दुसरा. पाणी प्यालो. तिसरा.

ते छपरावर निघाले की मी चहा खाली ठेवते.
तिथे दोन हूक.
एक लावल्याशिवाय दुसरा काढायचा नाही.
खट्, लावला.
खट्, काढला.
पुन्हा खट्.
मी मोजते. लहानपणी झोपेतही कळायचं मला
बाबांचा धोटा कुठल्या खेपेला चुकला ते.

चौथ्या पावलाला एक खट् आला नाही.

"एकनाथ."
वारा.
"एकनाथ, दुसरा हूक."
वारा,
आणि मग पूनमचा आवाज, खणखणीत,
काल आलेली पोर, पंधरा वर्षं चढणाऱ्याला:
"मामा, हलू नका. आधी लावा."

किती वेळ गेला ते रजिस्टरमध्ये नाही.
तेवढ्यात मी रेस्क्यू बॅगेची चेन उघडली होती,
कारण लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं,
सिन्नरहून अँब्युलन्सला घाट चढायला चाळीस मिनिटं,
आणि आमच्याकडे असतात फार तर पंधरा.

खट्.

संध्याकाळी तो उतरला तेव्हा
ओठांवर धूळ होती. बोलला नाही.
हार्नेस खुंटीला लावला,
बाहेर जाऊन तोंड धुतलं,
परत आला, खुंटीवरून काढला,
आणि डाव्या मांडीजवळचे टाके
चाचपत बसला, खाली मान घालून.

"नख नको लावू," मी म्हटलं. "अंगठ्याचं पोट."

त्याने अंगठा उलटा केला.