सात रिळांपैकी सहा

सावर्ड्यात वीज यायच्या आधी
आम्ही ती पडद्यावर पाहिली.
खाण कंपनीची शेड, बाहेर जनरेटरची धडधड,
मशीनवर इनास फुर्ताद, ओठांत विझलेली विडी.
पडदा दोन चादरी शिवून केलेला,
खनिजाच्या धुळीनं तांबूस झालेला,
म्हणून काळापांढरा सिनेमा आमच्या गावात
काळातांबडा दिसायचा.

दाढी वाढलेला डॉक्टर. काचेच्या बरण्या,
बुडबुडणाऱ्या नळ्या, भिंतीवर मोठा खटका.
खाली पोर्तुगीज अक्षरं धावायची.
ती वाचता येणारा एकटा पोस्टमास्तर सिल्वेरियो,
तोही वाचायचं विसरून बसलेला.
होतंच काय वाचायला?
एक माणूस किती रात्री झोपलेला नाही
आणि चादरीखाली कुणीतरी आहे, जे नाही.
हे कुठल्याही भाषेत कळतं.

मग खटका.
दोन पितळी गोळ्यांमधून ठिणगीची पाल
सरसर वर चढली.
चादरीबाहेर हात.
शेंगा फोडायचा आवाज थांबला शेडभर.
बोट हललं.
डॉक्टर हसला,
आणि पडदा कोरा, रिळाचं शेपूट फटफट फटफट.

सातवं रीळ कुळ्याला गाडीतून उतरलंच नाही,
इनास सांगायचा.
नऊ वेळा लागला तो सिनेमा त्या वर्षी,
नऊ वेळा बोटावर संपला.

नंतर रंगीत भुतं पाहिली मी मडगावात.
रक्ताचे पाट होते. मला झोप लागली.
या डॉक्टरच्या घराची दगडी भिंत
दार आपटलं की कापडासारखी हलायची,
वटवाघळाची दोरी दिसायची,
हाताने केलेलं होतं सगळं, भीतीसुद्धा,
आणि हाताने केलेल्या वस्तूत
करणाऱ्याचा घाम थोडा राहतोच.

मी वीज खात्यात लागलो. लाइनमन.
नेत्रावळीच्या वर एका वाड्यावर
पहिला खटका मी ओढला.
चौदा घरं एकदम.
एक बाई किंचाळली, रात्री आठला कोंबडा आरवला,
आणि माझ्या गळ्यातून जे हसू निघालं
ते माझं नव्हतं.
ओळखीचं होतं पण.

फोंडू वेळीप त्याच खात्यातला.
ऑक्टोबर, लख्ख ऊन.
लाइन बंद आहे, चढ,
असं मीच त्याला सांगितलं.
त्याला खाली घेतला, छाती दाबत राहिलो,
तीसपर्यंत मोजायचं, पुन्हा एकपासून,
नजर त्याच्या उजव्या हातावर.
बोट हललं.
आजही शपथेवर सांगेन.
बाकी तिघांना दिसलं नाही.

इनास वारला तेव्हा त्याच्या खाटेखाली
पत्र्याचा गंजका डबा सापडला, वर सातचा आकडा.
आतलं रीळ चिकटून दगड झालेलं.
त्याची लेक म्हणाली, पप्पा हा कुणाला हात लावू देत नसत.
मी काही बोललो नाही.
घरी आलो ते चालतच, रेल्वे पुलावरून.

परवा नातीनं मोबाइलवर शोधून दाखवला.
पूर्ण आहे म्हणाली, आजो, सगळा.
वायर दिसते बघा, किती खोटं!
दिसू दे, म्हटलं.
सातव्या रिळात डॉक्टर स्वतःच
खटका खाली ओढतो.
गाव बाहेर उभं आहे, कुणी दारसुद्धा ठोठावत नाही,
तो एकटाच,
हळूच, एखाद्या पोराला झोपवावं तसा.

मागे घे, म्हटलं मी.
तिनं बोटानं पडदा सरकवला,
हात पुन्हा चादरीबाहेर आला,
तांबडा नव्हता, स्वच्छ पांढरा.
तिचं चघळणं थांबलं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं,
आजो, हे कसले आकडे म्हणताय?