खाल्लं मीठ

एकोणीस हिवाळे या गाडीने रस्त्यावरचं मीठ खाल्लं
आणि एक दिवसही ती त्या मिठाला जागली नाही.
चाक काढल्यावर आत जे दिसलं
त्याला लोखंड म्हणायला जीभ वळेना:
पापुद्रे, पोपडे,
शिळ्या पावासारखे सुटणारे थर.

ओनेसिम काका खेकड्यांच्या उलट्या क्रेटवर,
नवा खुबा सांभाळत.
"वाकता मला येणार नाही. बोलता येईल."
बोलता त्याला नेहमीच येतं.

शेतिकाँमध्ये एप्रिल म्हणजे
आखातात बर्फ अजून तरंगतंय,
आणि डोंगरावरून सुएत वारा सुटला की
शेडचं पत्र्याचं दार आपल्याच कडीशी भांडतं.
गॅरेजवाल्याने ब्रेकचे आठशे डॉलर सांगितले.
मी शाळेची बस चालवते. आठशे म्हणजे...
जाऊ दे.

सतरा नंबरचा पाना. सहा कोनांचाच घे,
बारा कोनांचा डोकं खातो.
तारेचा ब्रश. तेल. मग थांब.
किती?
"कॉफी होईपर्यंत."
कॉफी झाली, गार झाली,
बोल्ट आढेवेढे घेतच होता.

"आधी आवळ," काका म्हणाला.
मला वाटलं, चुकून बोलला.
"आवळ जरासा. झोपेतून हलव त्याला. मग उलट."
कण्हला तो. हलला नाही.
डोक्यावर हातोडीच्या टिचक्या. परत तेल.
पान्याचा दांडा लांबवायला काकाने कुबडी देऊ केली,
मी कुंपणाचा पाइप घेतला.
ब्रेकची रबरी नळी ओल्या फडक्यात बांधून बाजूला केली
आणि ज्योत धरली,
लाल होईपर्यंत नाही, त्याच्या थोडं अलीकडे.

मग काकाने खिशातून अर्धी मेणबत्ती काढली.
"चर्चमधली?"
"पेटीत पैसे टाकले होते. अर्धी जळली, अर्धी माझी."
तापल्या आट्यांना टेकवताच मेण
आत ओढलं गेलं,
आत कुणी तहानलेलं असावं तसं.

"शेवटचा कुणी आवळला होता हा?"
मला माहीत होतं. त्यालाही.
अकरा वर्षांपूर्वी, याच शेडमध्ये,
अल्बर्टाला जायच्या आदल्या रविवारी, माझ्या बापाने.
"आल्सिद नेहमी एक फेरा जास्तच आवळायचा.
बरण्यांची झाकणंसुद्धा.
तुझी आई सुरीच्या मुठीने ठोकत बसायची."

मी भिंतीला पाय लावला, पाइपवर लोंबकळले,
आणि किंचाळी आली.
मला वाटलं माझीच. बोल्टची होती.
पाव फेरा. अर्धा. मग नुसत्या बोटांनी.
टोकाकडचे चार आटे गंजलेच नव्हते,
कालच कुणी फिरवल्यासारखे चकचकीत.
मी ते काकाला दाखवले नाहीत.

उजव्या चाकाकडे वळले तेव्हा मी कारागीर झाले होते.
तेल नको, कॉफी नको, मेणबत्ती नको.
पाइप लावला आणि रेटलं.
टक.
लहानसाच आवाज, अक्रोड फुटावा तसा.
डोकं पान्यात, धड आत.
काका इतका हसला की खुबा धरून बसला.

त्या तुटक्या बुंध्याचा फोटो काढून
मी बापाला पाठवला. सोबत शब्द एकही नाही.
नाताळापासून आमचं बोलणं नव्हतं,
आणि नाताळातलंही हवामानाबद्दलच.

साखर आणि भांड्यांचा साबण घेऊन हात घासत होते,
काळं नखांत उरलंच,
तेवढ्यात फोन थरथरला.
"मधोमध खूण कर. उलट्या फेऱ्याचं गिरमिट लाव,
कधी कधी त्यानेच सुटून येतो.
हळू. घाई नको."
आणि खाली, वेगळ्या ओळीत:
"कुठला? वरचा का खालचा?"

उत्तर लिहायला घेतलं.
अंगठ्यावर ग्रीस होतं,
पडदा काही केल्या ऐकेना.
काका ओरडला, दार लाव पोरी, सुएत आत येतोय.
मी अंगठा पँटला पुसला.
परत पुसला.