पूर्ण एक मिनिट

पुरुष शस्त्रक्रिया वॉर्ड, रात्रीचे अडीच.
त्र्यंबक नाक्याकडची खिडकी नीट लागत नाही,
फटीत मी जुना एक्स-रे दुमडून खोचलाय;
कुणाच्या तरी बरगड्या थंडी अडवतात.

यमुना भोये, सुरगाण्याची, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
चार्ट भरून आली.
ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी,
आणि श्वासाच्या रकान्यात
पहिल्या खाटेपासून बाविसाव्या खाटेपर्यंत
वीस, वीस, वीस.

रागावले नाही.
माझ्याही हातून असे पुष्कळ वीस गेलेत.
श्वासाला आमच्याकडे यंत्र नाही,
नुसतं उभं राहावं लागतं माणसापाशी,
आणि तेवढंच राहून जातं.

"चल," म्हटलं, "सात नंबर."

पुंडलिक तांबट. आतडं फुटलेलं, शिवून दुसरा दिवस.
चाळीस वर्षं घंगाळं ठोकून कान गेलेले,
काहीही विचारा, उत्तर एकच: बरंय, बरंय.
दुखतंय किती, दहापैकी?
दोन बोटं वर.
ताप नाही. बीपी एकशे बारा.
कागदावर माणूस ठणठणीत.

"मनगट धर त्यांचं. नाडी बघतेयस असं वाटू दे.
मोजतायत हे कळलं की माणूस श्वास नीटनेटका करतो,
पाहुणे दिसले की चादर ओढावी तसा.
बोटं नाडीवर, डोळे छातीवर.
अर्ध्याची दुप्पट नको. पूर्ण मिनिट."

बाहेरून टोमॅटोचा टेम्पो गेला मार्केटकडे.
अकरा नंबर खोकला, कूस बदलली.
तिचे ओठ हलत होते.
"तीस."
मग घाबरून, "चुकलं असेल, सिस्टर."
"परत मोज."
"एकतीस."

पुढचं मी सांगितलं नाही.
तिनेच गुडघ्याला हात लावला: गार.
नख दाबून सोडलं, रंग परतायला रेंगाळला.
वाकून पिशवी बघितली:
पाच तासांत नव्वद, कोऱ्या चहाच्या रंगाची.
पोटावर माझा तळवा, खाली फळी.
आणि काका हळूच, कुणालाच उद्देशून नाही,
"माझी हातोडी कुणी नेली?"

फोनवर मी कधी म्हणत नाही
'पेशंट जरा बरा दिसत नाही'.
म्हणते: खाट सात, श्वास एकतीस, दोनदा मोजलेला,
लघवी नव्वद, पोट कडक, बोलणं भरकटलंय.
या.
डॉक्टर सोनजे आले, स्वेटर उलटा.

चार वाजून दहा मिनिटांनी ट्रॉली लिफ्टमध्ये शिरली,
एक चाक नेहमीचं कुरकुरत.
ऑक्सिजनच्या मास्कमागून काका मला म्हणाले,
बरंय.

परत आले तर यमुना व्हाइटनर शोधतेय.
"ते नाही. खोडायचं नसतं गं.
एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरा आकडा, वेळ, सही."
तिने रेघ मारली सातव्या विसावर,
हात जरा कापला, रेघ नाही.

उरलेले एकवीस तिच्याकडे बघत होते.
तिने घड्याळ मनगटाच्या आत फिरवलं
आणि पहिल्या खाटेपाशी जाऊन
उभी राहिली.