हाताचं वळण

बँकेत एकतीस वर्षं मी चेकवरच्या सह्या पाहिल्या,
आता बेसबॉलवरच्या पाहतो.
एरी गावात, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
चाव्या करून देणाऱ्याच्या डोक्यावर माझी खोली.
एक भिंग, एक जांभळा दिवा, नमुन्यांचे नऊ खण,
आणि खिडकीच्या फटीत कोंबलेलं वर्तमानपत्र,
कारण जानेवारीत वारा कॅनडाहून निघतो तो थेट इथेच येतो,
मध्ये कुठे टेकत नाही.

खोटी सही ओळखता कशी, लोक विचारतात.
खोटी सही घाईत नसते.
आधी पाय रोवून उभी राहते, मग चालू लागते,
वळणावर दोनदा वाकून बघते,
शेपटीशी पोचली की सुस्कारा सोडते,
तिथे शाईचा ठिपका.
खरी सही पेन टेकण्याआधीच, हवेत सुरू झालेली असते
आणि पेन उचलल्यावरही जराशी पुढे जाते.
तिला कोणाला काही पटवायचं नसतं.

बर्निस टॉमचॅक बाईंनी बॉल आणला लोकरी मोज्यात घालून.
सत्तावन्न सालचा संघ. चौदा सह्या.
कोणीतरी हौसेनं वरून लाखेचा हात दिलेला,
त्यामुळे सगळा बॉल जुन्या दातासारखा पिवळा.
इथेच निम्मी किंमत गेली, मी म्हणालो.
जाऊ दे, त्या म्हणाल्या.
दोन शिवणी जवळ येतात त्या चिंचोळ्या जागी,
जी संघातल्या मोठ्या माणसासाठी सोडायची रीत,
डेल हॅरिगन.
ज्याच्या सहीसाठी लोक अजून गाडी विकतात.

मी दिवा लावला. भिंग खाली आणलं.
सही वाहती होती. थांबा नाही, कंप नाही, ठिपका नाही.
आणि तरी त्याची नव्हती.
हॅरिगनचा ‘एच’ डावीकडे रेलतो, भिंतीला लावलेल्या शिडीसारखा.
हा ताठ.
आणि दोन ‘आर’ एकमेकांच्या अंगावर पडलेले;
त्याचे नेहमी अंतर राखून.
म्हणजे ही नक्कल नव्हे, सवय.
लिहून लिहून अंगवळणी पडलेलं
दुसऱ्याचं नाव.

वाईट बातमी सांगताना मी खुर्ची पुढे ओढतो.
“बाई, त्या काळी खेळाडू कंटाळायचे.
कपडे बदलायच्या खोलीत बूट पुसायला एखादा पोरगा असायचा,
तो खोकीच्या खोकी सह्या करून मोकळा.
ही त्यातली.
उरलेल्या तेरा खऱ्या आहेत. चाळीस डॉलर. फार तर पंचेचाळीस.”

त्या हसल्या. आधी नाकातून,
मग खांदे हलेपर्यंत.
पर्समधून सामानाची एक चिठ्ठी काढून भिंगाखाली सरकवली:
हॅम, चेरी, दिव्याची वात, दूध विसरू नकोस.
हॅमचा ‘एच’ ताठ.
चेरीतले दोन ‘आर’ एकमेकांच्या अंगावर.

“रे म्हणायचा, जगात एकालाही कळणार नाही.
मी म्हणायचे, कळेल.
लग्नाच्या वर्षीची पैज, एक डॉलरची.
नोव्हेंबरात गेला तो.
म्हटलं, निकाल तरी लावून घ्यावा.”

माझ्या अर्जावर दोनच चौकोन: अस्सल, नकली.
मी पेन धरून बसलो.
सही रे टॉमचॅकची, आणि अस्सल, शपथेवर सांगीन.
बाजारात तिला गिऱ्हाईक एकच,
आणि त्या गिऱ्हाइकाकडे बॉल आधीपासून आहे.
शेवटी चौकोन दोन्ही कोरे सोडले,
खाली माझं नाव लिहिलं, सावकाश, मध्येच थांबत.
असली सही मी बँकेत परत पाठवली असती.

त्यांनी फी मोजली, तीस डॉलर, नको म्हणत असताना.
मग दुसरं एक पाकीट काढलं, पुरुषी, कडा झिजलेलं,
त्यातून एक डॉलर घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला.
“हरलास, रे,” मोज्याला म्हणाल्या,
आणि कठडा धरून जिना उतरू लागल्या.

खाली यंत्र किरकिरत होतं.
कोणीतरी एका चावीवरून
दुसरी करून घेत होतं.