साऊंड चेक

साऊंड चेकला वेळच नव्हता.
हिंगण्याच्या कॉलेजातलं गॅदरिंग, दोन तास उशीर,
तेंडाईचं नाव अचानक पुकारलं:
तिसरं वर्ष, मेकॅनिकल, गाव हरारे.
तो स्टेजवर चढला, अन् पेटी उघडायच्या आत
माझा हात गेला मिक्सरवर. बेस वाढवून ठेवला.

पेटीतून निघाली गिटार,
घासून घासून लाकूड उघडं पडलेली,
आणि त्यानं जे वाजवलं त्यात नाचायला जागाच नव्हती.
एक लांब सूर,
बुटीबोरीत रात्रपाळीला लोखंड कापतात तसा,
आणि त्याच्या आडोशाला तो गात होता,
ओरडत नव्हता.

"नाच ना बे!" पुढच्या रांगेतून.
शिट्या. मग एका क्रिकेटपटूचं नाव,
जो त्याच्या देशाचाही नव्हता.
मागच्या पोरांनी टाळ्यांवर "रॅप, रॅप" धरलं.
तो थांबला. तार पिळली.
तेच गाणं पुन्हा, पहिल्यापासून,
जणू आम्हीच उशिरा आलो होतो.

तिसऱ्या गाण्याला अर्धा हॉल समोशांकडे.
उरलेल्यांनी मोबाईल वर धरले. गाण्यासाठी नाही.

शेवटी परीक्षक माईकवर म्हणाले, अगदी प्रेमानं,
"ताल यांच्या रक्तातच असतो."
तेंडाई हसला.
त्या हसण्याची घडी मला पाठ आहे.
एकोणिसाव्या वर्षी, धरमपेठेत,
एका बाईंनी माझं गाणं ऐकून आडनाव विचारलं
आणि म्हणाल्या, "तरीच! पहाडी आवाज."
मी गझल गायली होती.
माईकला ओठ लावून, हळू.

वायरी गुंडाळताना विचारलं त्याला, साऊंड बरा होता ना?
"बेस बहुत था, भैया.
गिटार नीचे दब गया."
आणि स्वतःच एक टोक धरून वायर गुंडाळू लागला,
माझ्यापेक्षा नीट.

कामठी रोडभर टेम्पोत
स्पीकर एकमेकांवर आदळत राहिले.
इंदोऱ्याला पोचलो तेव्हा दोन वाजले होते.

सकाळी मालक म्हणाला, "कसा होता बे तो काळा?"
"गिटार वाजवते तो."
"मंजे? डान्स-बिन्स?"
"मंजे गिटार."

मग मिक्सर पुसायला घेतला.
बेसचं बटण अजून तिथंच होतं, वर,
जिथं मी ते नेऊन ठेवलं होतं
नुसतं त्याला पाहून.