सात रस्त्याच्या सिग्नलला

पळताना तिची काही तक्रार नव्हती.
होटगी रोडला चौथ्या गिअरमध्ये
त्र्याण्णव सालची ती पांढरी मारुती
अजून भल्याभल्यांना मागे टाकायची.
अडचण होती थांबण्याची.

लाल दिवा लागला की बॉनेटखाली
कुणीतरी धावत जिना चढायचं,
धापा टाकत उतरायचं, आता बसणार, आता बंद पडणार,
की पुन्हा चढायचं.
डॅशबोर्डवरचा सिद्धेश्वर थरथरायचा,
शेजारच्या सीटवरचा डबा थरथरायचा,
आणि बाजूचा रिक्षावाला असा बघायचा
जणू मीच उगाच पाय दाबते आहे.

तीन गॅरेजं झाली.
पहिल्याने स्क्रू पिळला.
दुसऱ्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर उघडून धुतला,
आणि जाता जाता स्क्रू पिळला.
तिसरा म्हणाला, काढून टाका मॅडम, काही राहिलं नाही हिच्यात.
तरी पाव फेरा त्यानेही पिळलाच.

मी कोर्टात स्टेनो.
सव्वीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकून पगार घेतला,
खोटं बोलताना साक्षीदार कुठे श्वास घेतो तेही कळतं.
हिचं मात्र एक अक्षर लागेना.

राजय्या बोद्धूलचं दुकान अक्कलकोट रोडला,
बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या भिंतीला टेकून.
शेजारीण म्हणाली होती, मिस्त्री चांगला,
फक्त मोठ्यानं बोला.
एकोणीस वर्षं लूमवर होता, कान तिथंच ठेवून आला.

मी ओरडून सांगायला लागले.
त्याने हात वर केला. उंडू, उंडू.
एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनवर टेकवलं, मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
बेचाळीस डिग्री, वर पत्रा.
पाच मिनिटं माणूस हलला नाही.

मग प्लगची एकेक वायर उपसली, परत बसवली.
प्रत्येक वेळी इंजिन लंगडलं.
“तिघंबी कामावर हायत,” तो म्हणाला,
“कामचोर कुणी नाही. वारं शिरतंय कुठनं तरी.”

वेस्ट सुताचा बोळा पाण्यात बुडवून
तो सांध्यासांध्यावर पिळत गेला.
इथे काही नाही.
इथेही नाही.
मागच्या बाजूला, अंधारात, हात कोपरापर्यंत घालून,
एका थेंबाला इंजिनने घोट घेतला.

त्याने तिथे अंगठा ठेवला.

जिना चढणारं माणूस
कुठल्याशा पायरीवर बसलं.

करंगळीएवढी रबरी नळी.
वरून धडधाकट, खालच्या अंगाला
तीस उन्हाळ्यांनी तडकलेली.
नको तेवढं वारं पोटात, मग भूक, मग ठसका,
एवढंच चाललं होतं दोन वर्षं.
नवी नळी चाळीस रुपये.

ती बसवल्यावर त्याने स्क्रूला हात लावला, पहिल्यांदाच.
मोजत मोजत मागे फिरवला:
हा एकाचा, हा दुसऱ्याचा,
हा पाव फेरा तिसऱ्या शहाण्याचा.

मग स्क्रू ड्रायव्हर पँटला पुसून माझ्यापुढे धरला.
दातांत धरायचा धीर झाला नाही,
कानामागच्या हाडाला टेकवला.
आत कुणी घाईत नव्हतं.
मी पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं:
तुम्हाला काय ऐकू येतं?
त्याने वाचलं, भिंतीकडे पाहिलं.
“बारा नंबर,” म्हणाला. “चांगला चालायचा.”
आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी सात रस्ता, लाल दिवा.
देव स्थिर, डबा स्थिर.
इतकं शांत की मला वाटलं, झालं, बंद पडली,
आणि घाबरून मी चावी फिरवली.
दात खाल्ल्यासारखा आवाज झाला.
रिक्षावाला बाहेर वाकला:
“ओ मॅडम, चालूच हाय की!”